मागील पानावरून पुढे

वैद्यकीय तपासणीसाठी बाहेर आम्ही दोघंच बसलो होतो. मी आणि एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल, फाईलवर तो दोन पानी फॉर्म. पायलटची क्लास वन तपासणी दर वर्षी होते, त्यामुळे त्या फॉर्मातले प्रश्न आम्हाला पाठ असतात. चष्मा आहे का, कधी फिट आली होती का, घरात कुणाला हृदयविकार आहे का. मी माझा भरून टाकला होता. दुसऱ्या पानावर शेजारी-शेजारी दोन चौकटी असतात: एकूण उड्डाणाचे तास, आणि मागच्या तपासणीनंतरचे तास. दुसऱ्या चौकटीत मी ७१२ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. तेव्हाच तो माझ्याकडे वळला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ही चौकट रिकामी सोडली तर चालेल का?"

मी त्याचं बोट पाहिलं. त्याच दुसऱ्या चौकटीवर होतं. "नाही, शून्य लिही," मी म्हटलं. तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठून आत गेले.

ईसीजीच्या वेळी हलायचं नसतं. छातीवर, मनगटांवर, घोट्यांवर थंडगार चकत्या चिकटवलेल्या असतात आणि छताकडे बघत पडून राहायचं असतं. त्या दोन मिनिटांत माझं ते वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. उत्तर बरोबर होतं. पण काउंटरवरचा माणूस 'पुढच्या खिडकीवर जा' म्हणतो त्या आवाजात मी ते दिलं होतं. आणि हा आवाज मी वापरावा? याच खुर्च्यांवर, मार्च २०२१ मध्ये, मी स्वतः त्या चौकटीपाशी अडले होते.

तेव्हा माझे एकूण तास होते २०४ आणि वर १५ मिनिटं. मागच्या तपासणीनंतरचे काहीच नव्हते. मी एक शून्य काढलं. ते एवढंसं, एकटं, फार वाईट दिसलं, म्हणून त्याला आणखी तीन शून्यं आणि मध्ये दोन टिंबं जोडली. ००:००. म्हणजे घड्याळ लावून नीट मोजून लिहिल्यासारखं दिसेल. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "या वर्षी काहीच नाही?" मी म्हटलं, "नाही सर." ते म्हणाले, "हं." त्यात वाईट काही नव्हतं. त्या आठवड्यात असे कितीतरी फॉर्म त्यांच्या हाताखालून गेले असतील. मग डोळे तपासले, कान तपासले, आणि वर्षभरासाठी उड्डाणास योग्य, असा शिक्का मारून दिला. जिन्यात उभी राहून मी तो कागद दोनदा वाचला. उड्डाणास योग्य होते आणि उडवायला काही नव्हतं.

ते 'हं' माझ्याबरोबर घरी आलं आणि कितीतरी दिवस राहिलं.

माझं पहिलं लॉगबुक अजून माझ्याकडे आहे. आडवं, जमाखर्चाच्या वहीसारखं. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचं नोंदणीचं नाव, कुठून कुठे, इन्स्ट्रक्टरबरोबर की एकटी, दिवस की रात्र, आणि अगदी कडेला शेऱ्यांचा रकाना. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन ओळी असतात: या पानाची बेरीज, मागील पानावरून पुढे, एकूण. मी त्या बेरजा आधी पेन्सिलीने करायचे, दोनदा पडताळायचे आणि मग शाईने गिरवायचे. पहिल्या सोलोची ओळ आहे पंधरा मिनिटांची. शेऱ्यात माझ्या इन्स्ट्रक्टर सरांचं अक्षर: 'पहिलं सोलो. समाधानकारक.' त्या पंधरा मिनिटांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर शेजारची सीट रिकामी झाल्यामुळे विमानाने जमीन किती लवकर सोडली ते. रोज जिथे चाकं उचलायची त्याच्या कितीतरी आधी उचलली. सरांचं वजन इतकी वर्षं, म्हणजे इतके महिने, माझ्या बाजूला बसलेलं होतं हे मला ते उतरल्यावर कळलं.

विमान उड्डाणासाठी म्हणून जागचं हललं की वेळ सुरू आणि उड्डाण संपवून थांबलं की बंद, असा हिशोब असतो. व्यावसायिक लायसन्ससाठी आंतरराष्ट्रीय नियमांत किमान २०० तास सांगितले आहेत, मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रम असेल तर १५०. पावणेदोन वर्षं, घरावर कर्ज, सगळे पेपर, आणि हातात २०४ तास १५ मिनिटं. एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी त्याचे दिवस करून पाहिले. साधारण साडेआठ दिवस. एवढ्यासाठी आईने तिच्या कितीतरी गोष्टी पुढे ढकलल्या होत्या, आणि तिला ते साडेआठ दिवस मी कधीच सांगितले नाहीत.

प्रशिक्षणाला दीड-दोन वर्षं लागतात, आणि या धंद्यातली सगळी गोची तिथेच आहे. तेजी दिसते म्हणून माणूस प्रवेश घेतो आणि बाहेर पडेपर्यंत हवा बदललेली असते. माझी शेवटची परीक्षा फेब्रुवारी २०२० मध्ये झाली. एप्रिलमध्ये जगभरातली प्रवासी वाहतूक आदल्या एप्रिलच्या तुलनेत ९४ टक्क्यांहून जास्त खाली आली होती. माझ्या सरांचं सप्टेंबर २००१ मध्ये झालं होतं. त्यांना ऑक्टोबरमध्ये रुजू व्हायचं पत्र आलं होतं आणि त्यापाठोपाठ ते रद्द झाल्याचंही. त्याच ऑक्टोबरमध्ये स्विसएअरची विमानं जमिनीवर आली, नोव्हेंबरमध्ये बेल्जियमची सबेना बुडाली. त्यांच्याही आधीच्या लोकांनी १९९१ पाहिलं होतं. आखाती युद्ध, महागलेलं इंधन, आणि एका वर्षात ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम या दोन्ही अमेरिकी विमान कंपन्या बंद. अमेरिकेत तर डिसेंबर २००७ मध्ये निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं आणि पाठोपाठ २००८ ची मंदी आली. वरचे उठेनात म्हणून खालचे तिथल्या तिथे अडकून पडले. विमान कंपनीत सगळं ज्येष्ठतेच्या यादीवर चालतं. कुठली पाळी, कुठलं विमान, कॅप्टन कधी, आणि कपात झाली तर आधी कोण. शेवटी आलेला आधी जातो. हे सगळं सर मला समजावून सांगायचे तेव्हा मला वाटायचं, ते धीर देतायत. आता वाटतं, त्यांना स्वतःलाच ते पुन्हा एकदा बोलून बघायचं असायचं.

अर्ज मी केले, भरपूर केले. सुरुवातीला प्रत्येक पत्र वेगळं लिहायचे, पुढे फक्त वरचं नाव बदलायचे. जाहिरातच नसायची, आणि असली तर 'या प्रकारच्या विमानावर किमान ५०० तास'. ते विमान चालवायला मिळण्यासाठी नोकरी हवी, आणि नोकरीसाठी त्या विमानाचे तास हवेत. एका कंपनीने २०१९ च्या अखेरीस माझी लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन प्रतीक्षा यादीत ठेवलं होतं. ती यादी कधी रद्द झाली हे मला कुणी कळवलं नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला मेल पाठवत राहिले. या गोष्टीचा मला अजूनही राग आहे, हे लपवत नाही. नोकरी नाही हे समजू शकतं. 'नाही' एवढी दोन अक्षरंसुद्धा न लिहिणं मला समजत नाही.

मी नोकरी धरली ती विमानतळाजवळच्या मालवाहतुकीच्या गोदामात, रात्रपाळीची. एरवी हवाई मालापैकी जवळपास निम्मा माल प्रवाशांच्या पायाखाली, त्याच विमानाच्या पोटातून जातो. प्रवासी विमानं थांबली आणि तो सगळा माल मालवाहू विमानांवर येऊन पडला. त्यामुळे ज्या दिवसांत सगळं आभाळ मोकळं होतं त्याच दिवसांत आमच्या गोदामात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. खोक्यांवर लेबलं लावायची, वजनं नोंदवायची, जाळी ओढून घ्यायची. पहाटे चारच्या सुमाराला एक विमान निघायचं. त्याच्या इंजिनाचा आवाज चढायला लागला की माझे हात आपोआप थांबायचे. तिथे मी पायलट आहे हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला तरी कळलं, आणि मग एक वयस्कर हमाल मला कॅप्टन म्हणायला लागले. ते मनापासून म्हणायचे. मला दर वेळी आनंद व्हायचा आणि दर वेळी मान खाली जायची, दोन्ही एकदमच.

पार्किंगच्या कडेला प्रवासी विमानं रांगेने उभी असायची. इंजिनांची तोंडं बंद केलेली, सगळ्या भोकांवर टोप्या आणि त्यांना लोंबणाऱ्या लाल पट्ट्या. स्पेनमधल्या तेरुएलला, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला, कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला तर कोरड्या हवेत अशी विमानांची गावंच वसली होती. उभं विमान म्हणजे नुसतं उभं नसतं. ठरावीक दिवसांनी चाकं थोडी फिरवावी लागतात, नाहीतर टायर एकाच जागी दबून बसतात. आत ओल धरू नये म्हणून ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवतात. आणि एवढं करूनही वेग मोजणाऱ्या पिटो नळीत किडे घर करतात. ऑगस्ट २०२० मध्ये युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने याबद्दल सूचनाच काढली होती, कारण बऱ्याच काळाने उडालेल्या विमानांत वेगाचे आकडे चुकीचे यायला लागले होते. मी ती सूचना गोदामात, दोन पाळ्यांच्या मध्ये, मोबाइलवर वाचली. विमानाची इतकी काळजी घेणारं कुणीतरी आहे, हे वाचून बरं वाटलं आणि रडूही आलं.

कारण हात विसरतात.

हे मला घरी कळलं. भिंतीवर एका जेटच्या कॉकपिटचं पूर्ण आकाराचं चित्र लावलं होतं. त्याच्यासमोर खुर्ची टाकायची आणि सगळ्या क्रिया रिकाम्या हातांनी करायच्या. आम्ही याला चेअर फ्लाइंग म्हणतो. डोकं वर, मग खाली, मग डावीकडून उजवीकडे, बोट कुठेही न अडखळता गेलं पाहिजे. पहिले चार महिने जात होतं. एका दुपारी इंजिन सुरू करण्याच्या क्रमात मध्येच माझं बोट हवेत थांबलं. पुढे काय, ते येईना. स्वयंपाकघरात जायचा रस्ता विसरावा तसं वाटलं. बाबा दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. आतून त्यांनी दुसरी खुर्ची आणली, माझ्या उजव्या हाताला ठेवली, चेकलिस्टचा कागद घेतला, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. मग रोज रात्री, मी पाळीवर जायच्या आधी, हे सुरू झालं. बाबांना विमानातलं काही कळत नव्हतं. ते एकेक शब्द सुटा करून वाचायचे, "लँ-डिंग गि-अर?" मी म्हणायचे, "डाउन, थ्री ग्रीन." म्हणजे चाकं खाली, तीन हिरवे दिवे. माझं उत्तर कागदावरच्या उत्तराशी अक्षर न् अक्षर जुळल्याशिवाय ते पुढच्या ओळीवर जायचेच नाहीत. एकदा मी घाईत नुसतं 'डाउन' म्हटलं तर थांबून राहिले. पुढे मला जे को-पायलट आणि कॅप्टन भेटले त्यांच्यात इतक्या काटेकोरपणे चेकलिस्ट वाचणारे थोडे.

तासांचा आकडा काय मोजतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी कंपनीच्या को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास लागायला लागले. त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास मात्र १५०० हून जास्तच होते. विमान हवेतला आधार सोडायच्या बेतात आलं तेव्हा नाक खाली करायचं सोडून ओढून वर केलं गेलं. नाक खाली, हे आम्हाला पहिल्या दहा तासांतच शिकवतात. म्हणजे तास असून हातातून ती गोष्ट त्या क्षणी गेली. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. मला भीती वाटते म्हणून सांगते.

माझ्या बॅचमधल्या एकाने माझ्या परीक्षेच्या आधीच आणखी कर्ज काढून टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, करून ठेवलं होतं. वर्षभरात त्याची मुदत संपायची, मग सिम्युलेटर भाड्याने घेऊन पुन्हा चाचणी. दोनदा त्याने ते केलं. आम्ही सगळे त्याला वेड्यात काढत होतो. जून २०२१ मध्ये त्याचा फोन आला, मालवाहू कंपनीत निवड झाली होती. मी म्हटलं, "अरे वा, अभिनंदन!" आणि माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यालाही तसाच वाटला असणार, कारण फोन लवकर संपला. दोघं-तिघं बोट्स्वानात माऊनला गेले, ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशातल्या मातीच्या धावपट्ट्यांवर पर्यटकांना नेणारी छोटी सेसना २०६ विमानं चालवायला. कमी तासांचे पायलट तिथे दारोदार फिरून काम शोधतात, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कुनुनुरासारख्या गावांत शोधतात तसंच. मी गेले नाही. बाबांची तब्येत हे कारण मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मी घाबरले होते.

ते ००:०० लिहिल्यानंतर तीन आठवड्यांनी मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "महिन्याला एक तास. जास्त परवडणार नाही, कमी चालणार नाही. पैसे साठव आणि ये." एक तासाला माझा जवळजवळ अर्धा पगार जात होता. एप्रिलमधल्या एका सकाळी मी फ्लाइंग क्लबच्या छोट्या सेसना १७२ विमानापाशी उभी होते. पंखातल्या टाकीतून, खालच्या बाजूने, इंधनाचा नमुना काढायचा असतो. पारदर्शक नळकांड्यात थोडं इंधन घ्यायचं आणि उजेडाकडे धरून पाहायचं. या विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर ते तळाला वेगळा थेंब धरून बसतं. मी नळकांडं वर धरलं. स्वच्छ निळं होतं. बोटांना तो वास लागला आणि तेरा-चौदा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या पोटातली गाठ सैल झाली.

उड्डाण काही चांगलं झालं नाही. पहिल्या लँडिंगला मी फार वर असतानाच नाक उचललं, विमान तरंगत राहिलं आणि शेवटी धप्पकन बसलं. सर हात मांडीवर ठेवून बसले होते, त्यांनी काहीही धरलं नाही. दुसरं बरं होतं. तिसऱ्याला चाकं टेकल्याचा फक्त आवाज आला, धक्का नाही. बऱ्याच देशांत प्रवाशांना घेऊन उडायचं तर ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात, ती झाली. एक तास पाच मिनिटं. घरी येऊन मी लॉगबुकचं नवं पान उघडलं. मागील पानावरून पुढे: २०४:१५. एकूण: २०५:२०. त्या रात्री चेकलिस्ट वाचायच्या आधी बाबांनी ते पान मागून घेतलं आणि बराच वेळ बघत बसले.

२०२२ मध्ये पारडं फिरलं. कोविडात अनेक ज्येष्ठ पायलटांनी लवकर निवृत्ती घेतली होती आणि प्रवासी कुणाच्या अंदाजापेक्षा लवकर परतले. त्या वर्षाच्या शेवटी मला नोकरी लागली. मी फार काही केलं म्हणून लागली असं मला वाटत नाही. दार उघडलं तेव्हा मी दारात उभी होते, आणि सिम्युलेटरच्या चाचणीत माझं बोट कुठे अडखळलं नाही. आमच्यातले काही तोवर निघून गेले होते. त्यांच्यातली एकजण माझ्यापेक्षा निश्चितच चांगली पायलट होती. आता ती बँकेत आहे, आणि विमानाचा विषय काढला की बोलणं दुसरीकडे नेते.

ईसीजीच्या चकत्या काढल्या गेल्या तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात असंच, उलटसुलट होतं. आणि बाहेर बसलेला तो मुलगा. सध्या मंदी आहे असं कुणी म्हणत नाही. विमानं भरून जातात, बातम्यांत पायलटांचा तुटवडा असतो. पण तो तुटवडा कॅप्टनांचा आणि अनुभवी लोकांचा. जुलै २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या नव्या इंजिनांच्या धातूतला दोष जाहीर झाला, त्यानंतर तपासणीसाठी शेकडो विमानं जमिनीवर आली. नव्या विमानांची डिलिव्हरीही रखडलेली. विमान नाही तर त्यातली उजवीकडची, को-पायलटची खुर्चीही नाही. दोनशे तासवाल्या मुलाला त्याच्या नातेवाइकांनी रोज विचारायचं, 'एवढा तुटवडा आहे म्हणतात, मग तुझं कसं अजून नाही?' निदान आम्हाला हे ऐकावं लागलं नाही. आमच्या वेळी सगळ्यांना दिसत होतं की आभाळच बंद आहे.

मी बाहेर आले तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती, तो दुसऱ्या खोलीत गेला होता. त्या दिवशी मला ड्यूटी नव्हती. मी बसले. पंचवीस-तीस मिनिटांनी तो आला, हातात प्रमाणपत्र. मला पाहून थबकला. मी विचारलं, "शेवटचं उड्डाण कधीचं?"

त्याने तारीख सांगितली. मग धावपट्टी सांगितली. मग म्हणाला, वारा होता, डावीकडून बारा नॉट, आणि शेवटच्या वळणानंतर विमान सारखं उजवीकडे सरकत होतं, परीक्षक शेजारी एकदम गप्प. बोलता बोलता तो कधी खुर्चीवर बसला त्यालाही कळलं नाही. फाईल खाली ठेवली. उजवी मूठ थ्रॉटलवर असावी तशी पुढे धरलेली, डाव्या हातात हवेतलं चाक, वाऱ्याकडे जरासं कललेलं. "आणि मग मी असं," तो म्हणाला. मी खाली पाहिलं. त्याचा उजवा बूट फरशीवर हळूहळू दाबला जात होता, अगदी लागेल तेवढाच.